वाकन ओपन एअरमधील एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीतील वाकन ओपन एअर या हेवी मेटल महोत्सवाला प्रथमच निघालेले मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरकडचे रसिक दरवर्षी जवळपास तेच प्रश्न विचारतात. ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. महोत्सव चार दिवसांचा असला, तरी भर एका पूर्ण दिवसावर आहे: तंबूतून बाहेर पडल्यापासून मध्यरात्रीनंतर परत येईपर्यंत काय करावे आणि काय टाळावे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वाकन ओपन एअर म्हणजे नेमके काय, आणि ते कुठे भरते?

वाकन हे उत्तर जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यातले, सुमारे दोन हजार वस्तीचे शेतकऱ्यांचे गाव आहे. थॉमस येन्सन आणि होल्गर ह्यूबनर या दोघांनी ऑगस्ट १९९० मध्ये गावाजवळच्या खडीच्या खाणीत सहा जर्मन बँड बोलावून दोन दिवसांचा कार्यक्रम केला, तेव्हा सुमारे ८०० श्रोते आले होते. आज जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभी, बुधवार ते शनिवार, सुमारे ८५,००० माणसे तेथे जमतात आणि एरवी गुरे चरतात त्या कुरणांवर तंबूंचे एक शहर उभे राहते. २०२० आणि २०२१ ही करोनाची दोन वर्षे महोत्सव झाला नाही. आपल्याकडे अनेक जण ‘वॅकन’ म्हणतात. जर्मन उच्चार ‘वाकन’च्या जवळचा आहे, म्हणून येथे तोच वापरला आहे.

२. तिकीट आणि व्हिसा यांची तयारी किती आधी करावी?

जवळपास वर्षभर आधी. पुढच्या वर्षीची तिकिटे महोत्सव संपताच विक्रीला येतात आणि अनेक वर्षी ती काही तासांतच संपली आहेत. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाने तो किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो, परंतु उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणेच अवघड होत असल्याने एप्रिलच्या पुढे जाऊ नये. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा असावा लागतो. राहण्याचा पुरावा म्हणून तंबूची जागा दाखवताना तिकिटाची प्रत, हॅम्बुर्गमधील आधीच्या व नंतरच्या रात्रीचे हॉटेल आणि महोत्सवाचे दिवस स्पष्ट सांगणारे पत्र एकत्र जोडावे, म्हणजे मधल्या रात्रींचा हिशेब अर्ज तपासणाऱ्याला लागतो.

३. हॅम्बुर्गहून वाकनला कसे जावे?

हॅम्बुर्गहून रेल्वेने साधारण तासाभरात इट्झेहो हे स्थानक येते. महोत्सवाच्या दिवसांत तेथून शटल बस थेट मैदानाकडे जातात. स्लीपिंग मॅट, पाण्याचे कॅन, पाव, फळे ही खरेदी इट्झेहोलाच उरकावी.

४. एका दिवसात किती बँड ऐकणे शक्य आहे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि माझे उत्तर बहुतेकांना निराश करते: चार बँड पूर्ण ऐकावेत आणि दोन वाटेत भेटतील तसे ऐकावेत.

कागदावर याहून कितीतरी जास्त बसतात. मुख्य मैदानावर दुपारी बाराच्या सुमारास सुरू झालेले संगीत रात्री दीड-दोनपर्यंत चालते. फास्टर आणि हार्डर हे दोन मोठे रंगमंच शेजारी शेजारी असून एकावर वादन चालू असताना दुसऱ्यावर पुढच्या बँडची मांडणी होते, त्यामुळे मध्ये खंड जवळजवळ पडत नाही. बाजूलाच लाउडर हा तिसरा रंगमंच आहे. थोड्या अंतरावरील प्रचंड तंबूत डब्ल्यूईटी आणि हेडबँगर हे दोन रंगमंच असेच आलटून पालटून चालतात. हे वेळापत्रक हातात आले की माणूस अधाशी होतो. पहिल्या वर्षी मीही एका दिवसात अकरा बँडच्या नावांवर खूण केली आणि अकराही ठिकाणी धावतपळत पोहोचलो. घरी परतल्यावर त्यांपैकी तीनच मला नीट आठवत होते, आणि ज्या बँडसाठी मी कॉलेजपासून पैसे साठवले होते, त्याच्या शेवटच्या तीन गाण्यांच्या वेळी मी पाय दुखतात म्हणून गवतावर पाठ टेकून पडलो होतो.

सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र बसून ऐकलेल्या पुणेकर रसिकालाही येथे वेगळा हिशेब करावा लागतो, कारण येथे सारे ऐकणे उभ्याने होते. एका रंगमंचाकडून दुसरीकडे जायला नकाशावर पाच मिनिटे दिसतात आणि गर्दीतून पंचवीस लागतात. तंबूची जागा दूर मिळाली, तर एका फेरीला पाऊण तासही जातो. म्हणून आधी रात्रीचा सर्वांत महत्त्वाचा बँड ठरवावा, त्याच्या आधीचे दोन तास मोकळे ठेवावेत आणि मग उरलेला दिवस उलट्या दिशेने भरत यावे. माझ्या अनुभवात दिवस नासतो तो थकलेल्या पायांनी आणि दमलेल्या कानांनी. न ऐकलेल्या बँडमुळे तो कधीच नासला नाही.

५. असा दिवस प्रत्यक्षात कसा जातो?

ऑगस्टच्या आरंभी तेथे पहाटे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि स्वच्छ ऊन असेल, तर आठच्या पुढे तंबूत झोपणे अशक्य होते. सकाळी लवकर उठणाऱ्याला शौचालये स्वच्छ मिळतात आणि अंघोळीच्या रांगेत तासभर उभे राहावे लागत नाही. नाश्त्याला गावात चालत जावे, असे मी आग्रहाने सांगेन. मुख्य रस्त्यावरची कुटुंबे आपल्या अंगणात टेबले मांडून कॉफी, पाव, अंडी विकतात, आजीबाई काळे टीशर्ट घातलेल्या दाढीवाल्यांना कपात दूध ओतून देतात आणि लहान मुले हातगाडीवरून लोकांचे सामान वाहून चार पैसे मिळवतात. गावाने या महोत्सवाला आपले मानले आहे हे तेथे कळते. गावच्या अग्निशमन दलाचा ब्रास बँडही महोत्सवात वाजवतो आणि मेटलचे श्रोते त्याला मनापासून दाद देतात.

दुपारी एखादा अनोळखी बँड ऐकावा. तीन ते पाच ही वेळ तंबूत किंवा सावलीत आडवे होण्यासाठी राखून ठेवावी; हे ऐकून तरुण मंडळी नाक मुरडतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच झोपतात. साडेपाचला पोटभर जेवून, पाणी भरून, स्वेटर कमरेला बांधून मैदानात यावे. सूर्य मावळायला सव्वानऊ वाजतात, त्यामुळे आठ वाजता वाजवणाऱ्या बँडच्या प्रकाशयोजनेचा फारसा प्रभाव पडत नाही. अंधार दाटू लागला की दोन्ही मोठ्या रंगमंचांच्या मधोमध उंचावर लावलेली बैलाची कवटी पेटते, आणि तो क्षण छायाचित्रांत कितीही वेळा पाहिलेला असला, तरी तेथे उभे असताना घसा दाटून येतो.

६. दोन आवडते बँड एकाच वेळी असतील, तर कोणाला निवडावे?

जो बँड भारतात किंवा जवळपास येण्याची शक्यता कमी, त्याला. ती सारखीच असेल, तर ज्यांचे वय झाले आहे त्यांना. दोघांचे अर्धे अर्धे ऐकण्याचा मार्ग मी तीनदा वापरून पाहिला आणि तिन्ही वेळा दोन्हीकडचे सर्वांत महत्त्वाचे गाणे हुकले, कारण ते बहुधा शेवटी असते. फास्टर आणि हार्डर या जोडीत मात्र हा पेच येत नाही (प्रश्न ४ पाहा).

७. उत्तम आवाज ऐकण्यासाठी कुठे उभे राहावे?

ध्वनिनियंत्रकाच्या मनोऱ्याच्या किंचित पुढे, मध्यभागी. ध्वनिनियंत्रक जेथून ऐकत असतो, तेथल्या आवाजाचाच तो समतोल साधतो, म्हणून त्याच्या आसपास गिटार, बास, ड्रम आणि गायन हे चारही वेगळे ऐकू येतात. अगदी पुढच्या कठड्याशी गायकाचा घाम दिसतो, पण आवाज अनेकदा बेस ड्रमने झाकोळलेला असतो.

मागे उभे राहणाऱ्यांना एक शंका असते की, लांबून आवाज उशिरा येत नाही का. येतो. ध्वनीला ३४० मीटर जायला साधारण एक सेकंद लागतो, म्हणजे शंभर मीटरवर ड्रमची काठी खाली आल्यानंतर जवळपास एक तृतीयांश सेकंदाने ठोका ऐकू येतो. मोठ्या मैदानांत मागच्या श्रोत्यांसाठी वेगळे मनोरे उभारून त्यांतील आवाज तेवढाच उशिरा सोडला जातो, म्हणजे पुढून आलेला आणि मनोऱ्यातला ध्वनी एकत्र पोहोचतो आणि पडसाद ऐकू येत नाही. जोराचा वारा असेल, तर दूरवरचे तीक्ष्ण स्वर मध्येच विरतात. अशा संध्याकाळी वीस-तीस पावले पुढे सरकणे हाच उपाय.

८. कानात बोळे घातले, तर संगीताची मजा जात नाही का?

योग्य बोळे घातले, तर वाढते. हा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे, कारण प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या त्या पहिल्या वर्षानंतर माझ्या डाव्या कानात दहा दिवस शिटी वाजत होती आणि त्या दहा दिवसांत मी फार घाबरलो होतो.

हिशेब असा आहे. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास, ही व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रात मान्य असलेली एक मर्यादा आहे आणि दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, ९७ला अर्धा आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. जर्मनीतील ध्वनिमानक श्रोत्यांसाठी अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलपर्यंत धरते. मानकाचे पालन झाले, तरी दिवसभराचे ऐकणे या हिशेबात कुठल्या कुठे जाते.

गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकांजवळ आपण कानात कापूस कोंबतो, तो येथे पुरत नाही. स्वस्त फोमचे बोळे जीव वाचवतात, परंतु वरचे स्वर जास्त कापत असल्याने संगीत गोधडीखालून आल्यासारखे वाटते. वादकांसाठीचे फिल्टर असलेले बोळे सर्व स्वर साधारण सारख्याच प्रमाणात, पंधरा ते वीस डेसिबलने, खाली आणतात. तेव्हा ९९चे ऐंशीच्या आसपास होतात आणि गायकाचे शब्दही अधिक स्पष्ट कळतात. ते घरी गाणी ऐकताना घालून सवय करावी. पहिल्या बँडपासून घालावेत, शिटी वाजू लागल्यावर नव्हे.

९. मॉश पिटमध्ये जाणे धोक्याचे आहे का?

मॉश पिट म्हणजे रंगमंचासमोर श्रोते एकमेकांना ढकलत, आदळत नाचतात ती जागा. ते बाहेरून दिसते तेवढे धोक्याचे नाही, आणि तेथील नियम लिहिलेले नसले, तरी कडक पाळले जातात. कोणी पडला की आजूबाजूचे सगळे हात वर करून थांबतात आणि त्याला उचलतात. चश्मा, बूट किंवा पाकीट सापडले की ते उंच धरले जाते. कोपर आत ठेवावे, बुटांच्या नाड्या दोन गाठींनी बांधाव्यात, साखळ्या आणि काटेरी पट्टे काढून ठेवावेत. गर्दी मधोमध दुभंगून दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहू लागल्या, तर ‘वॉल ऑफ डेथ’ (दोन्ही फळ्यांनी एकमेकींवर धावून आदळणे) होणार आहे असे समजावे आणि नवख्याने कडेला जावे. गर्दीच्या डोक्यांवरून कोणी पुढे येत असेल, तर त्याच्या मस्तकाला आधार द्यावा; मागे लक्ष न ठेवल्यामुळे मानेला लचक भरलेले लोक मी पिटमध्ये जखमी झालेल्यांपेक्षा जास्त पाहिले आहेत.

१०. शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

हाल होत नाहीत, कंटाळा मात्र येतो. बटाट्याच्या फोडी, चीज-मशरूम भरलेला पाव, फलाफल, नूडल्स, गोड धिरडी हे सहज मिळते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी आपली सोय नेणेच बरे.

घरून नेण्याच्या पदार्थांबाबत एक नियम अनेकांना ठाऊक नसतो: युरोपीय संघात बाहेरील देशांतून प्रवाशांना मांसाचे व दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. त्यामुळे पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवावे. चिवडा, चकली, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी (तुपाविना केलेली) यांची अडचण येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसची कॅन विमानातून नेता येत नाही, ती तिकडेच घ्यावी लागते. तंबूपाशी विजेची सोय गृहीत धरू नये, तेव्हा विजेची किटली बॅगेत भरू नये.

११. पैसे, पाणी आणि बिअर यांची व्यवस्था कशी असते?

मैदानात मनगटाच्या पट्ट्यातील चिपने पैसे चुकते होतात. पट्ट्यात थोडे थोडे पैसे भरावेत. पेल्यासाठी अनामत घेतली जाते आणि पेला परत केला की ती मिळते. पिण्याच्या पाण्याचे नळ असतात. दर दोन बँडनंतर तेथे जाण्याचा नियमच करावा. बिअरसाठी २०१७ पासून जमिनीखालून नळ टाकलेले आहेत. ही गोष्ट आपल्याकडे चमत्कार म्हणून सांगितली जाते, परंतु त्यामागचे कारण साधे आहे: पिंपे वाहणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी ओले कुरण उखडत असे.

१२. पाऊस आला तर?

येतोच, असे धरून चालावे. तेथील माती पाणी धरून ठेवते आणि हजारो बुटांखाली तिचा घोट्यापर्यंत चिखल होतो. गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट, घोंगडीसारखा वरून घ्यायचा पावसाळी कोट आणि मोज्यांचे चार कोरडे जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, एवढे असले की आपल्या मावळात पावसाळी ट्रेक केलेल्याला अडचण येऊ नये. छत्री आणू नये, मागच्याला दिसत नाही. रात्री तापमान १० ते १२ अंशांपर्यंत उतरते, तेव्हा कोरडा स्वेटर तंबूत राखून ठेवावा.

१३. पावसामुळे प्रवेशच बंद झाला, असे खरोखर घडले आहे का?

होय, २०२३ मध्ये. महोत्सवाआधीच्या संततधार पावसाने वाहनतळ आणि तंबूंच्या जागा गाळात गेल्या आणि आयोजकांना प्रवेश थांबवावा लागला. तोपर्यंत सुमारे ५०,००० श्रोते पोहोचले होते. बाकीचे वाटेत किंवा घरी राहिले. त्यांना तिकिटाचे पैसे परत मिळाले, परंतु भारतातून गेलेल्याच्या विमानभाड्याचे तसे होत नाही. यावर माझा उपाय असा: महोत्सवाच्या दोन दिवस आधी हॅम्बुर्गमध्ये असावे, तंबूंची जागा उघडल्याच्या पहिल्याच दिवशी आत जावे, आणि विम्यात सहल रद्द होण्याचे कलम आहे की नाही हे वाचून घ्यावे.

१४. मी एकटी जाणार आहे. सुरक्षित आहे का?

एकट्या जाणाऱ्या अनेक स्त्रियांनी मला सांगितले आहे की, तेथील रात्रीची गर्दी त्यांना आपल्या शहरांतील मोठ्या मिरवणुकांपेक्षा सुसह्य वाटली. तरीही मद्यपान भरपूर होते, तेव्हा गाफील राहू नये. तंबू रस्त्याजवळ, दिव्याच्या उजेडात लावावा. पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या तंबूंतील लोकांशी ओळख करून घ्यावी. तेथे ही रीतच आहे. कोणी त्रास दिला, तर जवळच्या सुरक्षारक्षकाला किंवा मदत केंद्राला लगेच सांगावे, इंग्रजी चालते. रात्री परतताना मोबाइलच्या नकाशावर विसंबू नये, आपल्या विभागाचे अक्षर हातावर लिहून ठेवावे.

१५. वडिलांना किंवा लहान मुलाला बरोबर नेता येईल का?

वडिलांना जरूर न्यावे. पन्नाशी-साठीतले श्रोते तेथे मोठ्या संख्येने असतात. चाकाच्या खुर्चीसाठी उंच चौथरे आणि वेगळी तंबूची जागा असते, त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते. मुलांसाठी कानावरून घालायचे संरक्षक अनिवार्य समजावे (प्रश्न ८) आणि त्यांना संध्याकाळनंतर पुढच्या गर्दीत नेऊ नये.

१६. भारतीय बँड तेथे वाजवतात का?

वाजवतात. बंगळूरचा क्रिप्टोस २०१३ मध्ये होता. दिल्लीच्या ब्लडीवूडने २०१९ मध्ये ढोल घेऊन वादन केले. हिंदी आणि पंजाबीतले शब्द न कळणारा जर्मन जमाव ढोलाच्या ठेक्यावर एकत्र उड्या मारत होता. आपल्या कोणाचे नाव यादीत दिसले, तर वेळ कितीही गैरसोयीची असली, तरी पुढच्या रांगेत उभे राहावे. दुपारी बारा वाजता अर्ध्या रिकाम्या तंबूसमोर वाजवणाऱ्याला समोर ओळखीचा झेंडा किंवा मराठीतली एक आरोळी किती बळ देते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसते.

१७. ज्याच्यासाठी गेलो, त्याच बँडने कार्यक्रम अर्ध्यावर थांबवला, तर?

२०१३ मध्ये आजारी असतानाही उभ्या राहिलेल्या लेमी किल्मिस्टर यांना, म्हणजे मोटरहेड या ब्रिटिश बँडच्या गायकाला, बँडचे वादन अर्ध्यावर सोडावे लागले होते. तक्रार करण्यासारखे तेथे काही नव्हते. २०१५च्या डिसेंबरमध्ये ते गेले आणि २०२३ मध्ये त्यांच्या रक्षेचा काही अंश वाकनला आणला गेला. ज्यांनी २०१३ मध्ये ती मोजकी गाणी ऐकली, ते आज त्यांबद्दल हळव्या आवाजात बोलतात. म्हणून आवडत्या बँडच्या पहिल्या गाण्याला हजर असावे, मोबाइलवर एखादे मिनिट चित्रीकरण करून तो खिशात ठेवावा, आणि जे मिळेल ते पूर्ण ऐकावे.

१८. शनिवारी रात्री शेवटचा बँड संपताच निघावे का?

नाही. त्या वेळी दमलेले, काही प्यालेले चालक एकाच रस्त्यावर उतरतात. तंबूत झोपावे, रविवारी सकाळी तो स्वच्छ करून, घडी घालून बरोबर घ्यावा, कारण ते कुरण दुसऱ्या दिवशी पुन्हा एका शेतकऱ्याचे असते. इट्झेहोच्या बसला रविवारी लांब रांग असते, म्हणून परतीचे विमान सोमवारचे घ्यावे. हॅम्बुर्गच्या हॉटेलात शिरण्यापूर्वी बूट बाहेर धुवावेत.